पंचताऱ्यांचा पट्टा

सकाळी उठल्याबरोबर माणसं तोंड धुतात, निदान जांभई तरी देतात. पंचतारे आधी फोन बघत. डोळ्यांतली चिपडं तशीच ठेवून ते कारखान्याच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडत आणि रात्रभरात कुणी किती तारे दिले ते तपासत. पाच असले की चहा गोड लागे. चार असले की त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होई, पण तो मनातल्या मनात. लिहिताना ते प्रत्येकाला 'आपल्या विश्वासाबद्दल धन्यवाद' एवढंच लिहीत. पंचतारे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं नाव. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण इतक्या वर्षांत त्यांनी त्याला साजेसं काही केलं नाही, तेव्हा ते इथे सांगून तरी काय करायचं?

कारखाना सासऱ्यांचा. तिथे कपॅसिटर बनत. बोटाच्या पेराएवढं निळं डबडं आणि खाली तारेचे दोन पाय. कुठलाही चार्जर किंवा रेडिओ उघडा, आतल्या हिरव्या पाटीवर ही डबडी उभी असतात. सासरे त्यांना जुन्या सवयीने कंडेन्सर म्हणत. त्याचा एक पाय अधिक बाजूचा, दुसरा उण्या बाजूचा. उणी बाजू ओळखू यावी म्हणून निळ्या आवरणावर त्या अंगाला पांढरा पट्टा छापतात, आणि अधिक बाजूचा पाय मुद्दाम जरा लांब ठेवतात. उलटं लावलं तर डबडं तापतं, फुगतं आणि फाडकन फुटतं. या धंद्यात एवढी एक गोष्ट कळली तरी माणूस निभावून जातो. पंचताऱ्यांना ती समजून घ्यायला कधी सवड झाली नव्हती.

लग्नाच्या वेळी ते फर्निचरची एजन्सी चालवत होते. म्हणजे एजन्सी काही चालत नव्हती, ते आपले दुकानात बसत होते. त्यानंतर पाणी शुद्ध करायची यंत्रं झाली, त्यानंतर कुणाच्या तरी भागीदारीत जिमचं सामान झालं. प्रत्येक वेळी त्यांनी आधी व्हिजिटिंग कार्ड छापलं आणि मग धंदा बुडवला. शेवटी मुलीच्या तोंडाकडे बघून सासऱ्यांनी त्यांना कारखान्यात घेतलं. पहिल्याच आठवड्यात नवीन कार्ड छापून आलं. त्यावर 'डिजिटल प्रमुख' असं लिहिलं होतं. त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं, पण प्रमुख म्हटल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतो?

ऑनलाइन विकायची कल्पना मुळात बायकोची. ती इंजिनिअर, चाचणी विभाग तिच्याकडे, आणि कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. पूर्वी सगळा माल एका घाऊक व्यापाऱ्याकडे जाई आणि त्याच्या मर्जीवर कारखाना जगे. कुठल्या तरी लांबच्या गावात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला मूठभर कपॅसिटर हवे असले, तर ते त्याला मिळायचा रस्ताच नव्हता. ताईंनी दुकान उघडलं आणि प्रत्येक प्रकाराची माहिती स्वतः भरली. क्षमता किती, व्होल्ट किती, किती गरमी सोसेल, जाडी किती, उंची किती, दोन पायांत अंतर किती. गिऱ्हाईक आपल्याला हवं ते माप टाकी आणि त्या मापाचा कपॅसिटर त्याच्यापुढे येई. ऑर्डरी वाढल्या त्या यामुळे.

पंचताऱ्यांची मात्र पक्की समजूत होती की ऑर्डरी त्यांच्या फोटोंमुळे येतात.

फोटोंसाठी त्यांनी चाचणी विभागाची अर्धी खोली बळकावली होती. मधे पार्टिशन घातलं, पांढरा पडदा लावला, छत्रीवाले दिवे आणले. पार्टिशनच्या एका अंगाला ताई आणि दोन बायका खांद्याला खांदा लावून माल तपासत, आणि दुसऱ्या अंगाला पंचतारे एका कपॅसिटरला काचेवर उभं करून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत. दुकानाच्या पानावर त्यांनी 'घाई करा, थोडेच नग शिल्लक' अशी लाल पाटी लावली, तेव्हा गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं परीक्षण त्यांनी आपल्या मावशीकडून लिहून घेतलं. 'वापरून खूप समाधान वाटले,' असं मावशींनी लिहिलं. मावशींनी कपॅसिटर नेमका कशासाठी वापरला हे कुणी विचारलं नाही. तांत्रिक माहितीचा कागद पानावर वरच होता, तो त्यांनी तळाला ढकलला, कारण लोक तो वाचत बसतात आणि खरेदीचं बटण दाबायला उशीर करतात.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका खुर्चीसाठी. कारखान्याच्या दर्शनी भागात काचेची केबिन होती आणि तिच्यात सासऱ्यांची उंच पाठीची खुर्ची. हाताच्या जागी तिचं रेक्झिन झिजून आतलं कापड दिसत होतं. सासरे जेवायला गेले की पंचतारे तीत जाऊन बसत, एकदा डावीकडे फिरत, एकदा उजवीकडे. बाहेरून सगळ्यांना दिसे. काचेमागेच तर बसलेले असत. पण त्यांचं ते स्वप्न खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. बुडालेल्या प्रत्येक धंद्यानंतर नातेवाइकांत जाऊन 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न ऐकलेला तो माणूस होता. त्याला एकदाच, चारचौघांत, सासऱ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की कारखाना आता जावई बघतात.

आणि संधी आली. सासऱ्यांचे गुडघे गेले होते, ऑपरेशन ठरलं. जायच्या आधी त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"माझ्याने आता रोज जिने चढवत नाहीत," ते म्हणाले. "ऑपरेशन करून येतो. आलो की ठरवू, या खुर्चीत कोण बसणार ते. हिला माझ्याबरोबर राहावं लागेल. तोवर जावईबापू, तुम्ही सांभाळा."

"बाबा, तुम्ही अगदी निर्धास्त राहा," पंचतारे म्हणाले.

 बायकोची एक भुवई तेवढी वर गेली.

आता त्या पट्ट्याची गोष्ट. हे सगळं ठरायच्या आधीच पंचताऱ्यांना फोटोतला पांढरा पट्टा खुपायला लागला होता. दिव्यात तो चकाके आणि निळ्या रंगाची शोभा घालवी. त्यांनी कॉम्प्युटरवर बसून सगळ्या फोटोंमधला पट्टा पुसून टाकला. एक पाय लांब, एक आखूड हेही बेंगरूळ दिसे, म्हणून पाय सारखे केले. पानावर आता गुळगुळीत, निळे, सरळ पायांचे कपॅसिटर झळकू लागले. तेवढ्यात कुणा गिऱ्हाइकाने एक तारा दिला आणि लिहिलं, 'फोटोत एक दाखवता, पाठवता दुसरंच. फोटोतल्याला पट्टा नाही, आलेल्याला आहे.'

त्या गिऱ्हाइकाला म्हणायचं होतं की फोटो सुधारा. कुणाही शहाण्या माणसाला तेवढं कळलं असतं. पंचतारे दोन दिवस जेवले नाहीत नीट. एक तारा त्यांच्या काळजात रुतून बसला होता. बायको सासऱ्यांना घेऊन गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांना मार्ग सुचला. फोटोसारखा माल नाही ना? मग माल फोटोसारखा करायचा.

त्यांनी फोरमनला बोलावलं. फोरमन म्हणजे सासऱ्यांच्या बरोबरीने कारखान्यात उभा राहिलेला माणूस, कमी बोलणारा.

"नवीन आवरणं मागवा," पंचतारे म्हणाले. "साधी निळी. पट्टा नको."

"पट्टा नको?"

"नको. आणि चाचणी झाली की पाय सारखे कापायचे. फोटोत आहेत तसे."

फोरमनने खिशातून फोन काढला. "ताईंना एकदा फोन लावून विचारू का?"

एवढं एक वाक्य तो बोलला नसता, तर कदाचित पंचताऱ्यांनी पुन्हा विचार केला असता. पण ताईंचं नाव निघालं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"त्या बाबांच्या उशाशी बसल्यात. त्यांना कशाला त्रास? इथे मी आहे ना? की मी नुसता शोभेला बसलोय?"

"बरं साहेब," फोरमन म्हणाला, आणि गेला.

खाली आवरणं चढवायच्या यंत्रावरच्या बायकांना निरोप पोचला. सगळ्यांना कळत होतं. पण मागे एकदा कुणीतरी फोटोबद्दल दोन शब्द बोलली होती, तेव्हा पंचताऱ्यांनी सगळ्यांना गोळा करून जग कुठे चाललंय यावर इतकं लांबलचक भाषण दिलं होतं की पुन्हा तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. खरं तर इच्छाही नव्हती. माणसं चिडली की ओरडतात तरी; यांनी त्यांच्यावर चिडणंही केव्हाच सोडून दिलं होतं. साहेबांनी सांगितलंय ना, मग करा. निळी आवरणं चढली, पाय एका उंचीला कापले गेले, खोकी भरली आणि माल गेला.

पुढचे दिवस पंचताऱ्यांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. पाच तारे, पाच तारे, पुन्हा पाच तारे. 'फोटोत होतं तसंच आलं.' 'पॅकिंग सुंदर.' 'दिसायला एकदम क्लास.' माल हातात पडल्या पडल्या लोक तारे देतात. तो पाटीवर बसवून वीज सोडायला वेळ लागतो. ही गोष्ट पंचताऱ्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी प्रत्येक परीक्षणाचा फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला. मेव्हणीने अंगठा दाखवला. सासऱ्यांनी लिहिलं, 'छान.' तो एक शब्द पंचताऱ्यांनी इतक्या वेळा उघडून बघितला की फोनला लाज वाटायला हवी होती. मधल्या वेळेत ते सरळ केबिनमध्ये बसू लागले. खुर्चीवरचं झिजलेलं रेक्झिन बदलून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. रंगही ठरला होता.

मग डबडी फुटायला लागली.

पहिली तक्रार एका दुरुस्तीवाल्याची आली. पंचताऱ्यांनी त्याला लिहिलं, 'आपला अनुभव वाचून वाईट वाटले. कपॅसिटर योग्य बाजूने लावल्याची खात्री करावी.' त्याने उलट विचारलं, 'योग्य बाजू कोणती?' यावर पंचताऱ्यांनी उत्तर दिलं, 'कृपया चित्र पाहावे.' चित्रात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एकाने लिहिलं, दोघांनी लिहिलं, मग लिहिणाऱ्यांची रीघ लागली. ते प्रत्येकाला तेच उत्तर देत राहिले, वर 'आपल्या विश्वासाबद्दल धन्यवाद' हेही घालायला विसरले नाहीत. आपल्यावर कुणी तरी जळतंय आणि मुद्दाम माणसं लावून बदनामी करतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. घाऊक व्यापाऱ्याचंच हे काम, असं त्यांनी फोरमनला सांगितलंही. फोरमन 'असेल' म्हणाला.

शेवटचा दणका एका बाईंनी दिला. त्या शाळेतल्या मुलांसाठी विजेच्या खेळण्यांचे संच बनवत. मुलांनी स्वतः जोडून दिवा लावायचा, बेल वाजवायची. त्यांनी परीक्षणासोबत व्हिडिओच टाकला. वर्गात मुलं टेबलाभोवती उभी आहेत, डोळ्यांवर प्लास्टिकचे चष्मे आहेत, एक मुलगी बटण दाबते, आणि फाडकन आवाज होऊन निळं डबडं छताकडे उडतं. मुलगी किंचाळते. धूर होतो. शिक्षिका मुलांना मागे ओढतात. कुणाला लागलं नाही, चष्मे होते म्हणून. बाईंनी खाली एवढंच लिहिलं होतं की उणी बाजू कुठली हे न सांगता असला माल विकणाऱ्यांना मुलंबाळं आहेत की नाहीत? आणि एक तारा. शून्य देता येत नाही म्हणून एक.

तो व्हिडिओ सासऱ्यांनी खाटेवर पडल्या पडल्या बघितला. बायकोने काहीही न विचारता गाडी बोलावली.

दोघं आली तेव्हा पंचतारे खुर्चीतच होते. सासरे काठी टेकत आत आले, म्हणून त्यांना उठावं लागलं. मागून बायको आली, तिच्यामागे फोरमन, आणि दाराशी यंत्रावरच्या बायका हात पुसत उभ्या राहिल्या. चारचौघं जमली होती. पंचताऱ्यांनी अशीच कल्पना केली होती, फक्त प्रसंग वेगळा होता.

"बाबा, तुम्ही कशाला एवढ्यात आलात? मी सगळं हाताळतोय. व्यापाऱ्याचं कारस्थान आहे हे. लोकांना लावताच येत नाही नीट."

सासऱ्यांनी टेबलावरच्या खोक्यातून एक कपॅसिटर उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"जावईबापू, यातली उणी बाजू कुठली?"

पंचताऱ्यांनी तो या अंगाने बघितला, त्या अंगाने बघितला. निळा, गुळगुळीत, देखणा. पाय अगदी सारखे. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी फोरमनकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. इतकी वर्षं ज्याचे फोटो काढले, ज्याच्यावर कविता केल्यासारखं लिहिलं, त्या डबड्याने त्यांना ताकास तूर लागू दिली नाही.

"ही," शेवटी ते म्हणाले, आणि एका पायावर बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

"जोड गं," सासरे मुलीला म्हणाले.

चाचणीचं यंत्र पार्टिशनच्या अलीकडे होतं. सगळी तिथे गेली. तिने कपॅसिटर पारदर्शक झाकणाखाली बसवला, पंचताऱ्यांनी सांगितलेल्याच बाजूने, आणि सगळ्यांना मागे सरायला सांगून खटका दाबला. पंचताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. काटा हळूहळू वर गेला आणि जिथे असायला हवा तिथे थांबला. डबडं थंडगार.

पंचताऱ्यांचा चेहरा फुलला. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडेही एकदा विजयाने बघितलं.

"बघा, आलं की नाही बरोबर?"

"आलं," सासरे म्हणाले. "अर्ध्या गिऱ्हाइकांचंही बरोबरच आलं."

ते काठी टेकत केबिनमध्ये परत गेले, पण खुर्चीत बसले नाहीत. मुलीचा दंड धरून त्यांनी तिला त्या खुर्चीत बसवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी भाषण केलं नाही. फोरमन म्हणाला, "ताई, ते परत यायला लागलेले बॉक्स कुठे ठेवू?" आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. पंचतारे केबिनच्या बाहेर, काचेपलीकडे उभे होते. तिथून खुर्ची फार स्वच्छ दिसते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

ताईंनी त्याच दिवशी दुकानावरचे सगळे फोटो उतरवले, पट्टा दिसेल असे साधे फोटो चढवले, आणि माल घेतलेल्या प्रत्येकाला स्वतः कळवलं की लावू नका, परत पाठवा, आमची चूक आहे. हे शेवटचे तीन शब्द पंचताऱ्यांनी दोनदा वाचले. असं लिहिलं तर तारे कसे मिळतील, असं त्यांनी विचारलंही. ती पुढच्या गिऱ्हाइकाला कळवू लागली. दुकानाचा पासवर्ड बदललेला होता.

पार्टिशन निघालं, छत्रीवाले दिवे गेले. परत आलेल्या खोक्यांची रास त्या जागी लागली. नवीन आवरणं चढवता आली असती, पण सासऱ्यांनी एक पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश मागवला. यंत्रावर अगदी थोडी वीज सोडून बायका उणी बाजू शोधून देत आणि पंचतारे त्या अंगाला हाताने पट्टा ओढत. त्यांच्यासाठी एक स्टूल होतं. पाठ नसलेलं. पहिले काही दिवस ते नातेवाइकांना फोनवर सांगत होते की सध्या क्वालिटी कंट्रोल माझ्याकडे आहे. त्यांनी कार्डाचा मजकूरही तयार केला होता. छापायला पैसे कारखान्याने दिले नाहीत, तेव्हा तो बेत राहिला.

महिन्याभराने त्या शाळेच्या संचवाल्या बाईंना बदललेला माल पोचला. त्यांनी जुनं परीक्षण काढून नवीन लिहिलं. ताईंनी फोन आणून नवऱ्यापुढे धरला. 'चूक कबूल करून माल बदलून दिला. पट्टा हाताने काढलाय, वाकडा आहे, पण बाजू कळते. मुलांनी बेल वाजवली.' आणि खाली तीन तारे.

आयुष्यात त्या माणसाने स्वतःच्या हाताने मिळवलेले तेवढेच तारे. दुसरा कुणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. पंचताऱ्यांनी ते पुन्हा वाचलं, पडदा खाली सरकवला, वर सरकवला, 'तक्रार नोंदवा' हे बटण कुठे दिसतंय का ते बघितलं.

"तीनच?" ते म्हणाले. "अगं, उरलेले दोन कुठे गेले?"

"ते पट्टा वाकडा आला त्याचे," बायको म्हणाली, आणि फोन घेऊन केबिनमध्ये निघून गेली.

पंचताऱ्यांनी ब्रश बाटलीत बुडवला आणि पुढचा कपॅसिटर उचलला.